जैविक शस्त्रबंदीसाठी घरचा कायदा हवा : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर आणि राज्यसभेवर गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार २६ मार्च १९७५ रोजी अमलात आला. भारताने त्यावर जानेवारी १९७३ मध्ये सही केली होती आणि जुलै १९७४ मध्ये त्याला रीतसर मान्यता दिली होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून आपण त्याला बांधील आहोत. अशी शस्त्रे विकसित करणे, बनवणे, साठवणे किंवा मिळवणे आपल्या हद्दीत कोणालाही शक्य होऊ नये, यासाठी प्रत्येक देशाने आपापल्या घटनात्मक पद्धतीनुसार पावले उचलावीत, असे या कराराचे चौथे कलम सांगते. त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली, पण केवळ या कराराची अंमलबजावणी करण्यासाठी केलेला स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. रासायनिक शस्त्रांच्या करारासाठी तो २००० साली झाला, त्याखाली राष्ट्रीय प्राधिकरण नेमले गेले आणि २००९ पर्यंत आपण आपला रासायनिक साठाही नष्ट केला. असाच कायदा जैविक शस्त्रांच्या बाबतीत व्हावा आणि त्यासाठी महाराष्ट्राच्या ६७ खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून पुढाकार घ्यावा, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली प्राध्यापिका आहे. हा विषय दिल्लीचा आणि जिनिव्हाचा, त्याच्याशी परळ-लालबागचा काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटण्याची शक्यता आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले आणि डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेगच असल्याचे सांगितले. पुढच्या काही महिन्यांत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. देशभर अजून लागू असलेला साथरोग कायदाही याच साथीतून फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईघाईने झाला, आणि त्याच्या नावाखाली पुण्यात काय घडले हे मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्याला जोडलेले दुसरे प्रकरण मात्र मुंबईत फारसे कोणी सांगत नाही.

आजच्या झारखंडातल्या पाकूरच्या जमीनदारीतल्या दोन सावत्र भावांत मालमत्तेवरून वाद होता. थोरला बिनयेंद्र पांडे आणि कलकत्त्यातला डॉ. तारानाथ भट्टाचार्य यांनी धाकट्या अमरेंद्रला मारण्यासाठी प्लेगच्या जिवाणूंचा वापर करायचे ठरवले. ते जिवाणू मिळवण्यासाठी भट्टाचार्यने १९३२ मध्ये मुंबईला हाफकिन संस्थेकडे तार केली. बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा, असे उत्तर त्याला मिळाले. हे उत्तर अगदी योग्य होते, आणि तेवढ्यावरच प्रकरण मिटायला हवे होते. पण पुढच्या वर्षी ही माणसे स्वतः मुंबईत आली. प्लेगवर आपल्याला औषध सापडले आहे आणि त्याची चाचणी करायची आहे, असे सांगून भट्टाचार्यने ओळखीच्या मार्गाने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, काम करण्याची सोय लावून घेतली. तारेने न मिळालेले कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जिवंत जिवाणू, रुग्णालयाच्या नावावर मिळाले. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्थानकाच्या गर्दीत कोणीतरी अमरेंद्रच्या दंडाला काहीतरी टोचून नाहीसा झाला. ४ डिसेंबरला अमरेंद्र वारला, आणि त्याच्या रक्ताच्या तपासणीत प्लेगचे जिवाणू सापडले. दोन मुख्य आरोपींना आधी फाशीची शिक्षा झाली. १९३६ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आणली.

मला यात रस आहे तो गुन्ह्याच्या क्रौर्यामुळे नव्हे. नियम होता, तो पाळलाही गेला, आणि तरीही जिवाणू बाहेर पडले. कारण नियमाने कागद पाहिला. त्या कागदामागचा माणूस, त्याचा हेतू आणि प्रयोगानंतर उरलेल्या जिवंत कल्चरचे काय झाले हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. अर्ज संस्थेच्या नावे आला की तपासणी संपली, असे मानण्याची ही सवय आपल्याकडे नव्वद वर्षांनंतरही पुरती गेली आहे, असे प्रयोगशाळांत आयुष्य काढल्यावर मला म्हणवत नाही. ती सवय आपलीच आहे असेही नाही. कोरेगाव पार्कातून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनला गेलेल्या रजनीशांच्या आश्रमातील मंडळींनी १९८४ मध्ये तिथल्या द डॅल्स गावातील उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळले आणि ७५१ लोक आजारी पडले. ते जिवाणू आश्रमाच्या दवाखान्याने वैद्यकीय सामग्रीच्या पुरवठादाराकडून सरळ मार्गाने मिळवले होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. पण हा घातपात होता हे सिद्ध व्हायला वर्ष लागले.

आता कराराकडे वळते. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने जिवाणूंचा युद्धात वापर करण्यावर बंदी घातली होती, पण ते बनवण्यावर किंवा साठवण्यावर नाही. शिवाय ‘आमच्यावर कोणी वापरले तर आम्ही बांधील नाही’ अशी अट अनेक देशांनी सहीबरोबरच घातली. त्या मोकळ्या जागेतच जपानी लष्कराच्या ‘युनिट ७३१’ या तुकडीने चीनमधल्या हार्बिनजवळच्या पिंगफांगला जिवंत माणसांवर प्रयोग केले आणि ब्रिटनने स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर अँथ्रॅक्स या प्राणघातक रोगाच्या जिवाणूंच्या चाचण्या घेतल्या. ते बेट १९९० मध्ये सुरक्षित जाहीर होईपर्यंत जवळजवळ अर्धे शतक निषिद्ध राहिले. युनिट ७३१चा प्रमुख शिरो इशी याच्यावर तर खटलाही चालला नाही, कारण त्याने जमवलेली माहिती अमेरिकेला हवी होती आणि त्या बदल्यात त्याला अभय मिळाले. विज्ञानाच्या नीतीविषयी बोलताना मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण नेहमी देत असे, कारण यात गुन्हा करणाऱ्याइतकाच त्या गुन्ह्याचे फळ स्वीकारणाराही दिसतो.

१९७२ च्या कराराने ही पळवाट बंद केली. त्याच्या पहिल्या कलमाची रचना मला आजही फार शहाणपणाची वाटते. अमुक जिवाणू निषिद्ध आणि तमुक चालेल, अशी यादी त्यात नाही. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा इतर शांततामय कारणांनी ज्यांचे समर्थन करता येत नाही असे जिवाणू, विषाणू आणि विषे, आणि तेवढे साठे, यांवर सरसकट बंदी आहे. उद्या प्रयोगशाळेत कोणता नवा विषाणू तयार होईल हे १९७२ मध्ये कोणालाच सांगता येत नव्हते, तरी तो या कलमात आपोआप येतो. अडचण एवढीच की सारा निवाडा हेतूवर आणि प्रमाणावर ठरतो आणि हेतू दुर्बिणीतून दिसत नाही. लस बनवणारी टाकी आणि शस्त्र बनवणारी टाकी यांत फरक नसतो. अणुबॉम्बसाठी लागणारे युरेनियम मोजता येते, पण जिवाणू चिमूटभर असले तरी काही दिवसांत हवे तेवढे वाढवता येतात.

म्हणूनच या करारासाठी पडताळणीची यंत्रणा सर्वांत जास्त गरजेची होती, आणि नेमकी तीच त्यात नाही. रासायनिक शस्त्रांच्या करारामागे हेग येथे सुमारे ५०० माणसांची संघटना उभी आहे. तिचे निरीक्षक कारखान्यांत जाऊन तपासणी करतात. जैविक कराराला २००६ मध्ये तीन जणांचे कार्यालय मिळाले आणि २०२२ च्या परिषदेने त्यात एका माणसाची भर घातली. सदस्य देशांनी दरवर्षी आपल्या प्रयोगशाळांची माहिती परस्परांना द्यावी असे १९८६ मध्ये ठरले, पण जवळपास निम्मे देश ती देत नाहीत. पडताळणीचा बंधनकारक मसुदा तयार करण्यासाठी १९९५ पासून चाललेल्या वाटाघाटी २००१ च्या जुलैमध्ये अमेरिकेने अंग काढून घेतल्यावर कोसळल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेत टपालाच्या लखोट्यांतून अँथ्रॅक्स पाठवले गेले, पाच जण मेले, आणि तिथल्या तपासयंत्रणेने शेवटी बोट दाखवले ते लष्कराच्याच फोर्ट डेट्रिकमधल्या एका शास्त्रज्ञाकडे. तो खटल्यापूर्वीच मरण पावल्यामुळे न्यायालयात काहीच सिद्ध झाले नाही.

दुसऱ्या महासत्तेची गोष्ट याहून वाईट आहे. सोव्हिएत संघ या कराराची मूळ कागदपत्रे सांभाळणाऱ्या तीन विश्वस्त देशांपैकी एक होता, आणि करारावर सही केल्यानंतरच त्याने ‘बायोप्रेपरात’ नावाखाली जगातला सर्वांत मोठा जैविक शस्त्रांचा कार्यक्रम उभारला. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले आणि वाऱ्याच्या दिशेला राहणारे किमान ६६ लोक मेले. दूषित मांस खाऊन ते मेले, असे सरकार सांगत राहिले. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी १९९२ मध्ये खरे कारण मान्य केले. या कार्यक्रमातला एक धागा आपल्यापर्यंत येतो. देवीच्या निर्मूलनासाठी सोव्हिएत संघाने जगाला आणि भारताला लशीचे प्रचंड साठे पुरवले, हे खरे आहे आणि त्याची कृतज्ञता असायलाच हवी. पण शस्त्रासाठी निवडलेला देवीचा वाण ‘इंडिया-१९६७’ हा होता आणि तो भारतातून नेला होता, असे त्या कार्यक्रमातून बाहेर पडलेले वरिष्ठ शास्त्रज्ञ केन अलिबेक यांनी पुढे सांगितले. म्हणजे आपल्या आजारी माणसांच्या अंगावरचा विषाणू परक्या शस्त्रागारात गेला, आणि त्याची विचारपूस करण्याचे कोणतेही साधन भारताकडे नव्हते.

तक्रार करायचीच झाली तर कराराचे सहावे कलम सुरक्षा परिषदेकडे पाठवते, जिथे संशयित देशाच्या हाती नकाराधिकार असू शकतो. या कलमाचा आधार प्रथमच घेतला गेला तो २०२२ मध्ये, युक्रेनमधल्या प्रयोगशाळांविषयी रशियाने अमेरिकेविरुद्ध केलेल्या तक्रारीत. २ नोव्हेंबरला मतदान झाले : बाजूने दोन, विरोधात तीन, तटस्थ दहा. तटस्थांत भारत होता. त्या वेळी दुसरे काही करणे कठीणच होते, कारण तपासणारी निःपक्षपाती यंत्रणा नसताना कोणत्याही बाजूचे मत म्हणजे केवळ मैत्रीचे मत ठरले असते. भारत अनेक वर्षे बंधनकारक पडताळणीची मागणी करत आला आहे आणि ती भूमिका बरोबर आहे. करार बळकट करण्यासाठी २०२२ मध्ये नेमलेल्या कार्यगटालाही डिसेंबर २०२४ च्या बैठकीत एकमत साधता आले नाही, म्हणून ती मागणी सोडून देण्याचे कारण नाही.

पण जगाकडे पडताळणी मागणाऱ्या देशाची स्वतःची कपाटे नीट लावलेली असायला हवीत. येथे मला आपल्याच सभागृहाच्या इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९७४-७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी साहाय्याने चाललेल्या संशोधन प्रकल्पांची झडती घेतली. त्यात दिल्लीतला डासांच्या नियंत्रणाचा जागतिक आरोग्य संघटनेचा प्रकल्प होता, आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचा प्रकल्पही होता. त्या पक्षी-अभ्यासाला अमेरिकी लष्कराशी संबंधित कार्यक्रमाचा पैसा मिळालेला होता, आणि पक्ष्यांबरोबर कोणते विषाणू कुठून कुठे जातात ही माहिती जैविक युद्धासाठी उपयोगी पडू शकते, असा संशय व्यक्त झाला. समितीने प्रश्न विचारले यात मला काहीच गैर वाटत नाही. ते तिचे कामच होते. गैर होते ते एवढेच की संशयाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे ठामपणे उत्तर देऊ शकणारी, दोन्ही बाजूंना मान्य असलेली व्यवस्था नव्हती. डासांचा प्रकल्प सोनीपतच्या मोठ्या चाचणीआधीच १९७५ मध्ये बंद पडला. सालिम अलींसारख्या माणसाला आपल्या देशनिष्ठेचे स्पष्टीकरण देण्याची वेळ आली.

या पक्षी-अभ्यासाची एक प्रेरणा होती १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला गोचिडांपासून होणारा ताप. त्यालाच आपण आज माकडताप म्हणतो, आणि गेल्या दशकात तो सिंधुदुर्गातल्या काजूच्या बागांपर्यंत आला आहे. सिंधुदुर्गाच्या प्रतिनिधींनी हे विशेष लक्षात घ्यावे : ज्या रोगाच्या अभ्यासाला संशयाने ग्रासले, त्याचे रुग्ण आज आपल्या मतदारसंघात आहेत. नीट कायदा असता तर संशोधकांना चौकशीची भीती राहिली नसती आणि चौकशी करणाऱ्यांना संशोधन थांबवावे लागले नसते.

सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा २००५ चा कायदा आहे ना, असे आपण विचाराल. आहे, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षाही आहे. सुरक्षा परिषदेच्या २००४ च्या १५४० क्रमांकाच्या ठरावानंतर तो झाला. अणू, रासायनिक आणि जैविक या तिन्हींना तो एकत्र बांधतो आणि त्याचा रोख मुख्यतः दहशतवाद्यांच्या हाती शस्त्र जाऊ नये आणि चोरटी निर्यात होऊ नये यावर आहे. गुन्हा घडल्यावर पकडण्यासाठी तो उपयोगी पडेल. एखाद्या महाविद्यालयाच्या फ्रीजमध्ये काय आहे, ते कोणी मागवले, संशोधन कोणत्या वळणावर धोकादायक झाले, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम आहेत, जे जनुकीय बदल केलेल्या जीवांच्या काळजीतून आले. निर्यातीसाठी वेगळी यादी आहे. आणि जबाबदारी आरोग्य, पर्यावरण, जैवतंत्रज्ञान, वाणिज्य, गृह आणि परराष्ट्र अशा खात्यांत वाटलेली आहे. २०१७ मध्ये साथी, जैविक दहशतवाद आणि आपत्ती यांच्यासाठी केंद्राने एका विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. तो कायदा झालाच नाही, आणि तीन वर्षांनी कोविड आला तेव्हा आपण पुन्हा १८९७ च्याच कायद्यावर विसंबलो.

नव्या कायद्याविषयी माझी एक भीती आधीच सांगते. आपल्याकडे सुरक्षेचा कायदा म्हटला की परवाने, शिक्के आणि निरीक्षकांच्या फेऱ्या सुरू होतात, आणि त्याचा भार तालुक्याच्या रुग्णालयातल्या त्या प्रयोगशाळेवर पडतो जिथे एकच तंत्रज्ञ असतो. रुग्णाच्या थुंकीतला जिवाणू ओळखणाऱ्याला गुन्हेगारासारखे वागवले तर साथ ओळखण्याचेच काम मागे पडेल. म्हणून कायद्याने मोजक्या, खरोखर घातक जिवाणू-विषाणूंवर आणि ते साठवणाऱ्या संस्थांवर लक्ष द्यावे. त्यांची नोंद असावी, कल्चर कोणाकडून कोणाकडे गेले आणि उरलेले कधी नष्ट केले याचा माग असावा, आणि तो माग कल्चर मागणाऱ्या व्यक्तीच्या कामापर्यंत पोहोचावा. एखादा विषाणू अधिक संसर्गजन्य करणारे संशोधन सुरू होण्यापूर्वी त्या संस्थेबाहेरच्या समितीने ते तपासावे. प्रयोगशाळेत काही चुकीचे चालले आहे असे सांगणाऱ्या कनिष्ठ संशोधकाला संरक्षण असावे. बायोप्रेपरातसारखे मोठे कार्यक्रम जगाला कळले ते निरीक्षकांमुळे नव्हे, बाहेर पडून बोललेल्या शास्त्रज्ञांमुळे. आणि मागणीनुसार डीएनए बनवून देणाऱ्या कंपन्यांनी मागणी तपासूनच पुरवठा करावा. ही तपासणी जगात आजही बहुतांशी कंपन्यांच्या स्वेच्छेवर आहे, आणि कॅनडातल्या संशोधकांनी घोड्यांच्या देवीचा विषाणू टपालाने मागवलेल्या तुकड्यांतून पुन्हा उभा केल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून तो भरवसा पुरेसा मानता येत नाही.

शिक्षणाबद्दल थोडेच लिहिते, कारण ते मुख्यतः विद्यापीठांचे काम आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर आमच्याकडून निर्जंतुकीकरण शिकून जातो, पण १९७२ चा करार त्याने ऐकलेलाही नसतो. कायद्यात प्रशिक्षणाचे एक कलम असले तरी यात फरक पडेल.

शेजारी देश करार पाळतील याची खात्री नसताना आपण आपली माहिती उघड का करावी, हा प्रश्न आपल्या चर्चेत नक्की येईल. त्यातली काळजी खोटी नाही. परंतु आपल्याकडे लपवण्यासारखा शस्त्रकार्यक्रम नाही हीच आपली भूमिका आहे. तेव्हा गुप्ततेने आपण फक्त आपल्याविरुद्धच्या संशयाला जागा देतो. संरक्षणविषयक संशोधनाचा तपशील राखून ठेवण्याची तरतूद कायद्यात करता येते. रासायनिक कारखान्यांत परदेशी निरीक्षक येऊन जातात, त्याने देशाचे नुकसान झाल्याचे कोणी दाखवलेले नाही.

तेव्हा आपल्याकडे तीन मागण्या आहेत. २०१७ च्या मसुद्याचे पुढे काय झाले, असा तारांकित प्रश्न येत्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांत विचारला जावा. कराराखाली भारत दरवर्षी जी माहिती देतो, तिचा उघड करता येण्याजोगा भाग संसदेच्या पटलावर ठेवला जावा. आणि सरकार विधेयक आणत नसेल तर आपल्यापैकी कोणी अशासकीय विधेयक मांडावे. अशी विधेयके क्वचितच मंजूर होतात हे मला माहीत आहे, पण त्यावर चर्चा झाली तर मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते आणि ते कायमचे नोंदले जाते. मसुदा करायला कोणी सदस्य तयार असतील तर प्रयोगशाळांत आयुष्य घालवलेले आम्ही काही निवृत्त शिक्षक आणि संशोधक मुंबईत त्यांच्याबरोबर बसायला तयार आहोत. कलमांची भाषा वकील पाहतील. कोणत्या नियमाने प्रयोगशाळा खरोखर सुरक्षित होते आणि कोणत्या नियमाने नुसते रजिस्टर भरते, हे आम्ही सांगू शकतो.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
परळ, मुंबई